वेळासची कासवं : बघायला जावं की नको?

मुक्ता_के (धागाकर्ती)

फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वेळासचा विषय निघतोच. यंदा मुलांचा निसर्गगट घेऊन जायचं घाटत होतं आणि तिथेच वादाला तोंड फुटलं. एक काका म्हणाले, "कासवांचा कसला महोत्सव करता? त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्या की." दुसऱ्या एक जणी म्हणाल्या, की त्या गेल्या होत्या तेव्हा वर धरलेल्या मोबाइलांपलीकडे काही दिसलंच नाही. दोघांचंही खोटं नाही, म्हणून इथे विचारतेय. पण आधी माझं मत.

ज्यांना वेळास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तरेला, मंडणगड तालुक्यातलं हे गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून नाव ऐकलेलं असतं. शेजारी बाणकोटचा किल्ला, सावित्रीची खाडी ओलांडली की हरिहरेश्वर. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेची मंडळी पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचा अभ्यास करत किनाऱ्याने हिंडत होती. त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. विचारपूस केली तेव्हा कळलं, की ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या इथे दर थंडीत अंडी घालायला येतात आणि त्या अंड्यांची वाटणी माणसं, कुत्री आणि कोल्हे आपापसांत करून घेतात. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पण कायदा मंडणगडच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, रात्री दोन वाजता हजर नसतो.

संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. अंडी कुठे असतात हे ज्या गावकऱ्यांना सगळ्यांत चांगलं ठाऊक, त्यांनाच राखणीला बसवलं. पुढे चार वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी गावातल्या घरांत राहायचं, घरचं जेवायचं, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे निघालेली पिल्लं पाहायची. हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही.

माझ्या मते वेळासला बघण्यासारखं आहे ते पिल्लू पाण्यात शिरण्याचं अर्धं मिनिट नाही, तर त्यामागची ही सगळी जुळवाजुळव. जिवंत कासवापासून गावाला चार पैसे मिळाले तर अंड्यांकडे बघायची नजर बदलते, हे तिथे कागदावर नाही, घराघरांत दिसतं. त्यामुळे मुलांना न्यावं असं मला वाटतं. मात्र कसं न्यावं, आणि आपल्या गर्दीनेच हे बिघडणार नाही ना, यावर अनुभवी लोकांनी लिहावं.

---

मिलिंद_डोंबिवली

जरूर जा. बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे नेते. उकडीचे मोदक मिळतात. बाकी चर्चा जाणकार करतील.

---

पुळणकर

धागा आवडला. मी दापोली तालुक्यातला, अंजर्ले बाजूचा. आमच्याकडेही हे काम चालतं, केळशीला, गुहागरला चालतं, खाली सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेगला चालतं. वेळासचं नाव झालं कारण सुरुवात तिथे झाली. त्यामुळे "जुळवाजुळव" म्हणजे नक्की काय ते थोडं सविस्तर सांगतो.

हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चपर्यंत माद्या येत राहतात. कासवमित्र म्हणजे किनारा राखणारा माणूस. तो पहाटे अंधारात पुळणीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातो. कासविणीने वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या पायांनी, वाळू मागे लोटत केलेली वाट दिसते, येण्याची एक आणि जाण्याची एक. दोन्ही जिथे मिळतात तिथे आसपास घरटं. नवख्याला सगळी वाळू सारखीच. सरावलेला माणूस काठी हलकेच खुपसून बघतो, जिथे वाळू भुसभुशीत लागते तिथे हाताने उकरतो. हात-दीड हात खाली शंभर-सव्वाशे अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, कवच कडक नाही, दाबलं तर खड्डा पडतो.

ही अंडी काही तासांच्या आत हलवावी लागतात. नंतर आतला गर्भ कवचाच्या अस्तराला चिकटतो, मग अंडं नुसतं फिरलं तरी पिल्लू मरतं. म्हणून उचलताना वरची बाजू वरच राहील असं धरायचं, खालची थोडी ओली वाळूही बरोबर घ्यायची, आणि हॅचरीत, म्हणजे अंडी उबण्यासाठी कुंपण घालून राखलेल्या जागेत, कासविणीने केला होता तसाच, तेवढाच खोल, तळाशी रुंद खड्डा करून त्यात ठेवायची. वर पाटी. तारीख, अंडी किती. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस वाट बघायची. दिवस भरत आले की त्या जागेवर टोपली पालथी घालतात, म्हणजे वर आलेली पिल्लं इकडेतिकडे पांगत नाहीत, कावळ्या-घारींच्या तोंडी पडत नाहीत.

पाहुण्यांना यातलं शेवटचं टोपली उचलणं तेवढं दिसतं. त्याआधीचे दोन महिने तिथे कुणी टाळ्या वाजवत नसतं. हंगामापुरतं मानधन मिळतं, पण त्या पैशांसाठी कोणी थंडीत साडेचारला उठेल असं नाही हो. आमच्याकडचा एक जण म्हणतो, "सवय लागली. न्हाय गेलो तर दिवसभर चुकल्यासारखा वाटता."

---

शेवंती

पुळणकर, काय सुंदर लिहिलंत!

---

नुस्ती_उठाठेव

वाईटपणा घेतो. कासवं कोट्यवधी वर्षं स्वतःच अंडी घालतायत, स्वतःच उबवतायत. आपण ती उचलायची, एका कुंपणात शेजारी शेजारी पुरायची, आणि मग पिल्लांची मिरवणूक काढायची. याला संवर्धन म्हणायचं?

दुसरं, कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. एकोणतीस-तीस अंशांच्या आसपास निम्मे-निम्मे, त्याच्या वर गेलं की माद्याच माद्या. उघड्यावरची हॅचरी मार्च-एप्रिलमध्ये केवढी तापत असेल? आणि तिसरं, महोत्सवाच्या नावाखाली सहल कंपन्या बसच्या बस भरून नेतात. एका कंपनीच्या जाहिरातीत मी "पिल्लांसोबत सेल्फी" असं वाचलंय. हे पर्यावरण शिक्षण असेल तर माझा दंडवत.

---

कटककर

नोकरीनिमित्त बरीच वर्षं ओडिशात आहे, म्हणून उठाठेव यांच्या पहिल्या मुद्द्यावर लिहितो.

इथे गहिरमाथा आणि ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी याच जातीच्या माद्या काही दिवसांत लाखोंनी येतात. जागा कमी पडते, मागून आलेली मादी आधीचीचं घरटं उकरून आपली अंडी घालते. तिथे कुत्र्यांनी, कोल्ह्यांनी पोटभर खाल्लं तरी इतकी उरतात की फरक पडत नाही. निसर्गाने त्यासाठीच तर झुंडीने यायचं ठरवलंय. तिथे अंडी हलवत बसणं अशक्यही आहे आणि अनावश्यकही.

कोकणात मादी एकटी येते. एका रात्री एका पुळणीवर एखाद-दुसरी. त्या एका घरट्याचा माग कुत्र्यांच्या टोळीला लागला की तासाभरात खेळ खलास. शिवाय किनाऱ्याची धूप, उधाणाचं पाणी. सुरक्षित असेल तर घरटं जागच्या जागी ठेवणं केव्हाही उत्तम, हे कासवांवर काम करणारे सगळेच मान्य करतात. पण जिथे राहण्याची शक्यताच नाही तिथे हॅचरी हा नाइलाजाचा उपाय आहे. नाइलाज म्हणूनच बघा.

आणि ओडिशात सगळं गोडीगुलाबीचं आहे असं समजू नका. तिथे धामरा, देवी आणि ऋषिकुल्याच्या मुखांजवळ १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारी बंद असते, किनाऱ्यापासून वीस किलोमीटरपर्यंत. सात महिने! छोट्या मच्छीमाराची त्यात काय गत होते ते इथे राहून पाहिलंय. कासव वाचवण्याची किंमत कुणीतरी देतंच, प्रश्न एवढाच की कोण देतं.

जाता जाता एक बातमी. २०२१ मध्ये ओडिशात वल्ह्याला पट्टी लावलेली एक मादी, क्रमांक ०३२३३, २०२५ च्या जानेवारीत चक्क गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरचा फेरा. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असंच आपण धरून चाललो होतो.

---

मुक्ता_के

कटककर, ही बातमी निसटलीच होती माझ्या नजरेतून. उलट दिशेचंही उदाहरण आहे. २०२२ मध्ये वेळासला 'प्रथमा' या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला, पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयोग. पुढच्या वर्षी गुहागरला 'बागेश्री' आणि 'गुहा' यांना बसवले. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

उठाठेव, सेल्फीबद्दल शंभर टक्के सहमत.

---

पुळणकर

तापमानाचा मुद्दा खरा आहे, हसण्यावारी नेऊ नका कुणी. काही ठिकाणी हॅचरीवर सावलीची जाळी घालतात, वाळूत तापमापी ठेवून नोंदी करतात. पण सगळीकडे सारखी काळजी घेतली जाते असं छातीठोक सांगणार नाही.

अजून एक. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड-दापोलीच्या किनारपट्टीचं जे झालं ते विसरलात का? नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या. पोफळ लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात. घरांची छपरं उडालेली, त्यात कोरोना, म्हणजे पाहुणेही बंद. तरी पुढच्या थंडीत कासवमित्र पुळणीवर होते. महोत्सव नाही, पर्यटक नाहीत, तरी अंडी राखली गेली. "पैशासाठीच करतात" म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

---

शेवंती

मी शाळेत शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन वेळासला गेले आहे, म्हणून मुक्ताच्या "कसं न्यावं" या प्रश्नाला उत्तर.

पहिलं म्हणजे मुलांना निघण्याआधीच सांगायचं, की पिल्लं दिसतीलच असं नाही. टोपलीखाली काहीच नाही अशाही सकाळी येतात. आमच्या एका मुलाने तेव्हा तिथल्या काकांना "मग पैसे परत का?" असं विचारलं होतं. काका हसून म्हणाले, "ते आता कासविणीकडे माग." सांगायचा मुद्दा, जंगल आणि समुद्र तिकिटावर चालत नाहीत हे कळणं हाच पहिला धडा. शक्यतो दोन रात्री राहा, म्हणजे तीन-चार वेळा किनाऱ्यावर जाता येतं.

दुसरं, वर्गात आधी थोडं शिकवून न्या. पिल्लं रात्री, पहाटे किंवा तिन्हीसांजेलाच का बाहेर येतात? वरची वाळू गार झाली की खालच्या पिल्लांना वर यायची वेळ झाल्याचं कळतं, म्हणून. दुपारच्या तापलेल्या वाळूत ती भाजून निघाली असती. पाणी कुठे आहे हे त्यांना कसं समजतं? समुद्राकडचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं, त्या उजेडाकडे ती धावतात. मग किनाऱ्यावर हॉटेलचा दिवा असला तर काय होईल? हे मुलं स्वतःच सांगतात आणि त्यानंतर टॉर्च लावू नका असं बजावावं लागत नाही. पिल्लं हातात घेऊन पाण्यात का सोडत नाहीत, याचंही तसंच. मोठी झाल्यावर माद्या बहुधा आपल्याच जन्मभागाच्या किनाऱ्याकडे परततात, म्हणून ते चार-पाच मीटर स्वतःच्या वल्ह्यांनी पार करू द्यायचे, असं तिथले लोक सांगतात.

तिसरं, आणि मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, मुलांना माणसांशी बोलायला लावा. आम्ही प्रत्येक गटाला एकेक घर दिलं होतं. घरातल्या आजी-आजोबांना विचारायचं, की तुमच्या लहानपणी कासवाची अंडी दिसली तर काय करायचात? उत्तरं ऐकून मुलं गार. कुणी म्हणालं खायचो, कुणी म्हणालं विकायचो, एक आजी म्हणाल्या, आमच्याकडे विष्णूचा अवतार म्हणून हात लावत नसू, पण शेजारचा न्यायचा ते बघत असू. परतल्यावर या वह्यांतून जे निबंध आले, तसे मी "पर्यावरणाचे महत्त्व" या विषयावर इतक्या वर्षांत वाचले नाहीत. एकानेही "वृक्ष हे आपले मित्र आहेत" असं लिहिलं नव्हतं!

आणि कपडे मळखाऊ, दाट रंगाचे न्या. परफ्यूमवाले ताईदादा बरोबर नकोत.

---

मिलिंद_डोंबिवली

शेवंतीताई, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. :)

---

सुशेगात

गोंयांतल्यान नमस्कार. आमच्याकडे गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे कासवं येतात. मोरजीचं काम वेळासच्याही आधीचं, नव्वदच्या दशकातलं. स्थानिक लोक आणि वन खातं मिळून. पण मोरजीच्या अवतीभवती काय झालंय ते या हंगामात येऊन बघा. शॅक, आरामखुर्च्या, रात्रभर दिवे आणि संगीत. घरट्याभोवती कुंपण आहे, फलक आहे, आणि दोनशे पावलांवर नाच चाललाय. कायद्याने बंधनं आहेत, न्यायालयात खटलेही झाले, तरी.

वेळासमध्ये पाहुणा घरात राहतो हे वरवर साधं वाटतं. पण किनाऱ्यालगत एक मोठं हॉटेल आलं की संपलं, एवढंच सांगतो. सगळी जमीन गावाच्या हातात आहे तोवर बरं. मुंबई-पुण्याचे लोक जमिनी बघायला यायला लागले की जागे व्हा.

---

खाडीपलीकडचा

इतका वेळ वाचत होतो. सगळे चांगलं बोलताय, पण या धाग्यात मासे मारणारा माणूस फक्त ओडिशात दिसला.

मी कोळीवाड्यातला. घरात पाहुणे ठेवायला आधी घर हवं, पाहुण्याला चालेल असा संडास हवा, अंगण हवं. ज्यांच्याकडे वाडी आहे, चौसोपी घर आहे, त्यांच्याकडे पाहुणे जातात. बरं, तेही अडीच महिने. वेळासचं मला ठाऊक नाही, तिथल्या लोकांनी ते कसं वाटून घेतलंय त्यांनाच विचारा. पण आमच्या बंदरावर कासवाचा पैसा आलेला मी पाहिलेला नाही. आणि कासव मरतं कुठे? पुळणीवर कमी, पाण्यात जास्त. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागून ओढत नेतात त्या जाळ्यात अडकलं की श्वास घ्यायला वर येता येत नाही, गुदमरतं. पावसाळ्यात तुटक्या जाळ्यांत गुरफटलेली कासवं किनाऱ्याला लागतात, वल्ही कापली गेलेली. तुमचं पिल्लू हजारातून एखादं मोठं होतं म्हणतात. ते एखादं मोठं झालेलं आमच्या जाळ्यात येतं.

राज्य सरकारने २०१८ च्या अखेरीस एक योजना काढली, की संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. चांगली आहे. आमच्याकडे लोकांनी जाळी कापून कासवं सोडली, व्हेल शार्क सोडले. फोटो काढायचा, अर्ज करायचा. पण रात्री भर समुद्रात, तांडेल (होडीचा प्रमुख) ओरडतोय, जाळ्यात मासळी आहे, अशा वेळी फोटो काढून मग कापायचं, हे इथे बसून वाटतं तेवढं सोपं नाही. मोठ्या ट्रॉलरसाठी जाळ्यात कासव बाहेर पडायची खिडकी असते, टेड म्हणतात. ती बसवत नाहीत म्हणून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं, तेव्हा कुठे सगळ्यांना कासव आठवलं. ती खिडकी लावली की थोडी मासळीही त्यातून जाते, म्हणून नको असते. त्या मासळीचे पैसे कोण देणार, सांगा.

मुलांना आणताय तर आणा. पण पुळणीवरून बंदरावरही आणा.

---

नुस्ती_उठाठेव

या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

---

कटककर

खाडीपलीकडचे, "कोण देतं" असं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर तुम्ही दिलंत. भरपाईच्या योजनेचं ओडिशातल्या मित्रांना मी कौतुकाने सांगत असतो, आता ही बाजूही सांगेन.

---

मुक्ता_के

सगळ्यांचे आभार. बंदराचं माझ्या डोक्यात नव्हतं, आणि खरं तर त्याशिवाय गोष्ट अर्धीच राहते. आमच्या मुलांना ट्रॉल म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही, ताटातली कोळंबी मात्र रोज चालते.

तर बेत असा. मार्चच्या मधल्या आठवड्यात दोन रात्री, सहल कंपनी नाही, थेट गावातल्या घरी. शनिवार-रविवार टाळून, शाळेकडून सुट्टी मागून. वीसच मुलं, चारच पालक. मोबाइल फक्त एका पालकाकडे आणि किनाऱ्यावर तोही खिशात. शेवंतीताईंचा आजी-आजोबांचा प्रश्न उसना घेतेय. तिसऱ्या दिवशी बंदर. खाडीपलीकडचे, तुमच्या बाजूला मुलं आली तर कुणी तांडेल बोलायला तयार होतील का? जाळं हातात घेऊन दाखवलं तर फार बरं. वेळेचे पैसे अर्थातच देऊ, फुकट नको.

---

खाडीपलीकडचा

पैशाचं नंतर बघू. सकाळी होड्या येतात तेव्हा या, दुपारी कोणी जागं नसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास नको, तेव्हा आमची धावपळ असते. वीस मुलं चालतील, चाळीस नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

पुळणकर

बेत छान. फक्त मार्चच्या मध्याचं पक्कं करण्याआधी गावात फोन करून हॅचरीत दिवस भरत आलेली घरटी किती आहेत ते विचारा. पाटीवरच्या तारखांवरून ते बरोबर सांगतात. यंदा माद्या उशिरा आल्या असतील तर पंधरा दिवस पुढे ढकला.